अधिकाऱ्यांस राहण्यास अयोग्य

राहत्या जागेतून कोणाला हुसकून लावता येऊ नये, हे सुधारलेल्या राज्याचं पहिलं लक्षण आहे. आपलं राज्य स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर इतकं सुधारलं की, भाडेकरूला बाहेर काढायचं म्हटलं तर मालकाची एक पिढी खर्ची पडे. वकील, पुढारी, वर्तमानपत्रं, सगळेच भाडेकरूच्या पाठीशी होते आणि तो जिथे आहे तिथेच राहावा म्हणून झटत होते. या व्यवस्थेत एकच गोष्ट राहून गेली होती. भाडेकरूला स्वतःलाच जायचं असेल तर काय करायचं, याचा विचार कोणी केलेला नव्हता. (तसं कारणही नव्हतं. मिळालेली खोली सोडून जाणारा माणूस एकतर मेलेला असे किंवा त्याला दुसरी खोली मिळालेली असे; आणि यातला दुसरा प्रकार फार क्वचित घडे.)

ही उणीव ज्याने उजेडात आणली तो चांगदेव वाघुळदे सावद्याकडचा. एकोणीसशे साठनंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहू लागले, तेव्हा त्यातल्या एका रसायनाच्या कारखान्यात तो टाइमकीपर म्हणून लागला. कारखाने उभारताना यंत्रं कुठे ठेवायची, धूर कुठे सोडायचा, मॅनेजरसाहेबांची मोटार कुठे उभी करायची, याचा फार बारकाईने विचार झाला होता. माणसं कुठे राहतील हा प्रश्न माणसांच्या हुशारीवर सोपवला होता. माणसं हुशार निघाली आणि शिरवणे गावात खोल्या शोधू लागली.

शिरवण्यात तुळशीराम होता. पिढीजात भातशेती करणारा माणूस. गावाच्या वरच्या अंगाला त्याची चांगली उंचावरची जमीन होती, आणि खाडीच्या बांधालगत थोडी खाजणाची, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांधाने राखलेली. वरची जमीन कारखान्यांसाठी सरकारने घेतली. जमीन सोडून जाण्याच्या हक्कासाठी तुळशीरामला एकही अर्ज करावा लागला नाही. तो हक्क त्याला गॅझेटातून घरपोच मिळाला. हाती आलेल्या मोबदल्यातून त्याने खाजणाच्या तुकड्यावर पाच खोल्यांची चाळ बांधली आणि आईच्या नावाने तिला ‘भागीरथी निवास’ असं नाव दिलं. भागीरथी आणायला पूर्वी कोणा राजाला हजारो वर्षं तप करावं लागलं होतं म्हणतात. तुळशीरामच्या चाळीत ती दर पुनवेला आणि अवसेला आपणहून येई.

चांगदेव आणि त्याची नवी नवरी दमयंती दिवाळीनंतर तिसऱ्या खोलीत राहायला आले. खोली भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरतीला जोर नसताना पाहिली होती. जमीन शेणाने सारवलेली, भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलं, दारासमोर मोकळी हवा. दमयंतीने चुलीचा कोपरा ठरवला, देवाचा कोपरा ठरवला आणि धान्याचे डबे रांगेत मांडले. अवसेच्या दुपारी ती तांदूळ निवडत बसली असताना सारवण ओलं होऊ लागलं. आधी तिला वाटलं, मडकं झिरपतंय. मग मडकंच हळूहळू दाराकडे निघालं.

पाणी दारातून आलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दारातून आलं असतं तर त्याला अतिक्रमण म्हणता आलं असतं. ते जमिनीतून वर आलं, घरातलंच असल्यासारखं. घोट्यापर्यंत चढलं, तासभर थांबलं आणि जसं आलं तसं निघून गेलं. मागे थोडा चिखल आणि एक चिंबोरी ठेवून गेलं. दमयंती माळकरी घरातली. तिने आयुष्यात खेकडा पाहिला नव्हता, आणि हा तर तांदळाच्या सुपात बसून तिच्याकडे पाहत होता. शेजारच्या खोलीतल्या रशिदाने तो तिच्याकडून रीतसर ताब्यात घेतला. रशिदाचा नवरा अब्दुल्ला खडीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मुरूडकडचे असल्यामुळे खेकड्यांशी त्यांचे जुने संबंध होते. पुढे सबंध हिवाळाभर तिसऱ्या खोलीतल्या चिंबोऱ्या चौथ्या खोलीत जात आणि त्या बदल्यात चौथ्या खोलीतून नारळ येत. चाळीतल्या सलोख्याबद्दल कोणाला लिहायचं असेल तर त्याने ही नोंद अवश्य घ्यावी.

चांगदेवने मालकाकडे तक्रार केली. तुळशीरामने ती अतिशय आस्थेने ऐकली. पाणी खारं आहे, गोडं नव्हे, तेव्हा त्याने डास होत नाहीत, असं त्याने समजावून सांगितलं. शिवाय पाणी खाडीचं, खाडी सरकारची. यात मालकाने करण्यासारखं काय आहे? आणि ते राहत तर नाही, येतं आणि जातं. जाताना त्याने चांगदेवच्या हातात वालाच्या शेंगांची जुडी दिली. त्याची बायको बायजा दमयंतीला भेटायला आली आणि खाटेचे पाय विटांवर कसे चढवायचे ते दाखवून गेली. वाईट मालक असता तर चांगदेव त्याच्याशी भांडला तरी असता. पण हा मालक सणाला करंज्या धाडायचा.

भागीरथी निवासातली पहिल्या चार महिन्यांची प्रगती अशी: खाट विटांवर, ट्रंक खाटेवर, देव ट्रंकेवर, चूल फळीवर. दमयंती पुनवेला स्वयंपाक उभ्याने करी. फाल्गुनात तिला दिवस गेल्याला सहा महिने झाले, उभं राहिलं की पाय सुजू लागले. भिंतीतून खार फुटून वर चढत होता. अंथरुणाला सदा ओल, आणि तिला खोकला लागला तो जाईना. सातव्या महिन्यात तिचा भाऊ न्यायला आला. निघताना तिने घर झाडलं, डबे फळीवर ठेवले, आणि रडली वगैरे नाही. चांगदेवला एवढंच म्हणाली:

“मी परत यायला तयार आहे. पण लेकराला मी या घरात आणणार नाही. आणि लेकराला ठेवून मी येणार नाही. आता तुम्ही काय ते बघा.”

चांगदेव टाइमकीपर असल्यामुळे दुसऱ्याच्या उशिराबद्दल कडक होता. पण बायकोच्या बोलण्यात उशीर कोणाच्या नावावर पडला, हे त्याला बरोबर कळलं. तो बघू लागला.

योगायोगाने त्याच सुमारास कारखान्याने कामगारांसाठी वसाहत बांधली होती. पक्क्या भिंती, नळ, वर सिमेंटचे पत्रे. क्वार्टर मिळण्याचा नियम अगदी न्याय्य होता. ज्याला जागा नाही, त्याला क्वार्टर. चांगदेवला जागा होती. ती सोडून अर्ज करावा, तर नियमात पुढे असंही होतं की, ज्याने हाती असलेली जागा आपखुशीने सोडली त्याचा विचार होणार नाही. अशा माणसाला जागेची किंमत नसते, तो क्वार्टरही सोडून जाईल. मालकाने काढलेला माणूस मात्र चाले, किंवा ज्याची खोली राहण्यास अयोग्य असल्याचा सरकारी दाखला असेल तो.

चांगदेवने साधा मार्ग आधी धरला. तो तुळशीरामकडे गेला आणि मला काढून टाका, अशी विनंती केली.

तुळशीरामने त्याला आधी बसवलं. मग त्याने बायजाला चहा ठेवायला सांगितला. आमच्या घरी आलेल्या माणसाला आजपर्यंत कोणी उठ म्हटलेलं नाही, असं त्याने सांगितलं. शिवाय भाडेकरूला काढलं तर मालकाला कोर्टात खेचतात, हे त्याने बाजारात ऐकलं होतं, आणि हा टाइमकीपर गोड बोलून आपल्याला त्यातच गोवतोय की काय, अशी शंका त्याच्या डोळ्यात उतरली. शेवटी तो म्हणाला, “तुमी पायजे तर भाडं देव नका. पन मी तुमाला जा नाय सांगनार.”

अशा माणसापुढे कायदा काय करणार. तरी चांगदेव ठाण्याला एका नामांकित वकिलांकडे गेला. वकिलांची भाडेकरूंच्या खटल्यांत मोठी ख्याती होती. त्यांनी जागेवर बसवलेला अशील जागेवरून हलला, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी हकिगत ऐकली, चष्मा पुसला, आणि तुम्ही मुळीच घाबरू नका, तुम्हाला तिथून कोणी हलवू शकणार नाही, असा दिलासा दिला. चांगदेवने पुन्हा सांगितलं की, मला हलायचंच आहे. वकिलांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तुम्ही मालकाकडून आलात काय, असं विचारलं. मग ते मऊ झाले. त्यांच्या मते भाडे-कायदा शिरवण्याला लागू होतो असंही म्हणता येत होतं आणि होत नाही असंही. पण दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी अशिलाचं खोलीत राहणं भक्कम होतं. सबंध कायद्यात ‘जाऊ द्यावे’ असं कलम त्यांच्या पाहण्यात नव्हतं. हवं तर खोली दुरुस्त करून मागता येईल. मात्र दुरुस्तीसाठी खोली रिकामी करावी लागेल, आणि ती करू नका, हा त्यांचा प्रत्येक अशिलाला पहिला सल्ला असे.

राहिला दाखला. चांगदेवने अर्ज केला आणि वैशाखात, अष्टमीच्या दिवशी दुपारी, निरीक्षक आले. धोतर-कोटातले, शांत स्वभावाचे गृहस्थ. अष्टमीला भरतीला जोर नसतो, पाणी चाळीपर्यंत चढत नाही. खोली सहाणेसारखी कोरडी होती. भिंतीवरच्या पांढऱ्या खाराकडे चांगदेवने बोट दाखवलं तेव्हा निरीक्षकांनी चुना चांगला दिलाय म्हणून समाधान व्यक्त केलं. मग त्यांनी विचारलं की, तुम्ही इथेच राहता का? चांगदेव हो म्हणाला. निरीक्षकांनी शेरा लिहिला: ‘ज्या अर्थी अर्जदार सदर खोलीत राहत असल्याचे आढळून आले, त्या अर्थी खोली राहण्यायोग्य आहे.’

या शेऱ्यात चूक काढून दाखवावी, असं माझं तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना आव्हान आहे. चांगदेवनेही काढली नाही. त्याने बिछाना उचलला, कारखान्याच्या टाइम ऑफिसात टेबलावर झोपू लागला आणि दुसरा अर्ज केला. निरीक्षक पुन्हा आले, पुन्हा भांगाच्याच दिवशी. (खातं भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नव्हतं, आणि चालावं अशी अपेक्षा करणंही बरं नव्हे.) या वेळी खोलीला कुलूप होतं. शेरा पडला: ‘सदर खोलीत कोणीही राहत नसल्याने कोणाचीही गैरसोय होत नाही.’ दोन्ही खेपांना तुळशीरामने त्यांना आग्रहाने घरी नेऊन जेवायला घातलं. पहिल्या खेपेला ताटात खाडीतला जिताडा मासा होता, आणि निरीक्षक गावाच्या प्रेमात पडले ते तेव्हापासून.

ज्येष्ठात सावद्याहून तार आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. चांगदेवने पेढे आणले आणि पहिला पेढा, रीतीप्रमाणे, मालकाला दिला. बायजाला फार आनंद झाला. तिने बाळंतविडा म्हणून जुन्या लुगड्याची शिवलेली मऊ दुपटी काढून ठेवली. लेकीला घेऊन त्या कधी येणार, असं तुळशीरामने विचारलं. दमयंती जाताना जे बोलली होती ते चांगदेवने मालकाला तोवर सांगितलं नव्हतं. आता त्याने शब्दाला शब्द सांगितलं.

तुळशीरामने हातातला पेढा खाली ठेवला. तो इतकंच म्हणाला की, हा बांध पूर्वी असा नव्हता. दर घरातून एक माणूस यायचा, उन्हाळ्यात माती पडायची, खाडीची बिशाद नव्हती आत यायची. आता शेती कोणाचीच राहिली नाही. ज्याचं शेत नाही तो बांधाला माती कशाला घालील? पोरं तुमच्याच कारखान्यात जातात. एवढं बोलून तो उठून आत गेला. तक्रारीला त्याने दिलेलं हे पहिलंच सरळ उत्तर होतं आणि ते बरोबर होतं. पण दाखल्यासाठी त्याचा उपयोग नव्हता.

नारळी पुनवेला तुळशीरामने निरीक्षकांना जेवायला बोलावलं.

खात्याचा माणूस म्हणून नव्हे, घरचा पाहुणा म्हणून. नारळीभात, करंज्या, वर आणखी नारळीभात. माणसाच्या तोंडून सत्य वदवण्यासाठी आजवर अनेक उपाय योजले गेले, पण नारळीभाताचा त्या दृष्टीने अभ्यास झालेला नाही. जेवून निरीक्षकांचे डोळे जड झाले. घरात पाव्हणेरावळे भरलेले. तेव्हा साहेबांनी चाळीत जरा पडावं, खाडीवरचं वारं लागेल, असं तुळशीरामने सुचवलं आणि स्वतः नेऊन त्यांना तिसऱ्या खोलीत निजवलं. चांगदेवकडून किल्ली त्याने सकाळीच मागून घेतली होती. एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. खाट विटांवरून उतरवून ठेवलेली होती.

खाडीने वेळ पाळली. असली वक्तशीर माणसं चांगदेवच्या कारखान्यात नव्हती. साहेबांच्या स्वप्नात काय आलं ते कळायला मार्ग नाही, पण जागे झाले तेव्हा गादी खालून भिजली होती, एक वहाण दाराजवळ आणि दुसरी अंगणात पोहोचली होती, आणि उशाशी ठेवलेल्या छत्रीच्या मुठीला एक चिंबोरी मनापासून धरून होती. रशिदा धावत आली आणि तिने ती सवयीने काढून घेतली. अब्दुल्लाने साहेबांना पाठीवर घेऊन बांधावर आणलं. दाराशी चांगदेव उभा होता. तो हसला नाही. त्याला त्या क्षणी सावद्याच्या पाळण्यात निजलेली, अजून न पाहिलेली मुलगी आठवत होती, आणि गुडघ्याखाली पाणी होतं.

साहेबांनी तिथेच, ओल्या धोतराने, तिसरा शेरा लिहिला. शेरा लिहिताना त्यांच्यापुढे पेच होता. खोली राहण्यायोग्य असल्याचं त्यांनीच लिहून दिलं होतं, आणि खात्यात एका अधिकाऱ्याचं मत दुसऱ्याने खोडता येतं, स्वतःचं स्वतःला खोडता येत नाही. त्यांनी पुष्कळ विचार करून वाट काढली: ‘सदर खोली अधिकाऱ्यांस राहण्यास अयोग्य आहे. भाडेकरूंबाबत पूर्वीचे मत कायम.’

कारखान्याच्या ऑफिसात कागद वाचणारा कारकून कामाच्या ओझ्याने कागदातला एकच शब्द वाचत असे. सुदैवाने तो शब्द ‘अयोग्य’ निघाला. चांगदेवला क्वार्टर मंजूर झालं.

सामान हलवायला अब्दुल्लाने ट्रक आणला. बायजाने दुपटी आणून दिली. चांगदेवने तिला विचारलं की, तुळशीरामदादांना त्या दिवशी पुनव आहे याची आठवण राहिली नव्हती का?

“ते पुनवेचं पानी इसरतील?” बायजा म्हणाली. “जल्म गेला त्यांचा या बांधावर. तुमाला जा म्हनायला तोंड नव्हतं त्यांना. मंग पान्याला सांगितलं.”

तुळशीराम निरोपाला आला नाही. तो नव्या भाडेकरूला खोली दाखवत होता. खोली सुटतेय हे कळल्यापासून दाराशी कारखान्यातली माणसं ताटकळत होती. तीत पाणी येतं, हे त्यांना चांगदेवने स्वतः सांगितलं, दाखलाही दाखवला. त्यांनी तो आदराने वाचला. ज्या खोलीबद्दल सरकारला माहिती आहे ती खोली पक्की असणार, असं त्यांचं मत पडलं आणि त्यांच्यात चढाओढ लागली. भाडं वाढलं.

क्वार्टर उंचावर, कोरडं ठणठणीत होतं. भाद्रपदात दमयंती मुलीला घेऊन आली. तिने भिंतीला हात लावून पाहिला, जमिनीला हात लावून पाहिला, आणि मग पहिल्यांदा रडली. काही दिवसांनी तुळशीराम मुलीला पाहायला आला. तिला मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला आणि आजूबाजूला पाहत राहिला. चांगदेवने जागा कशी वाटली म्हणून विचारलं.

“जागा चांगलीच हाय,” तुळशीराम म्हणाला. “हितं आमचं खलं होतं. भात झोडायचो. हितं पानी कवाच नाय आलं.”

दमयंतीने चहा आणला. तुळशीरामने तो सगळा प्यायला, मुलीच्या हातात रुपया ठेवला आणि संध्याकाळच्या आत उतारावरून खाली गेला.

तेव्हापासून परिस्थिती फार सुधारली आहे. शिरवण्याभोवती शहर वसलं. भाडेकरूला जाण्याचा हक्क नाही, ही खंत आता कोणाला करावी लागत नाही. चांगदेवच्या त्या मुलीचाच जुईनगरात एक फ्लॅट आहे आणि ती तो अकरा महिन्यांच्या करारावर देते. सगळेच देतात. या करारामुळे भाडेकरूला सोडून जाण्याचा हक्क नुसता मिळाला आहे असं नव्हे, तर दर अकरा महिन्यांनी तो सक्तीने बजावावा लागतो. त्यासाठी अर्ज नको, निरीक्षक नको, नारळीभात नको. करारात बारीक टायपातलं एक कलमही असतं: ‘जागा मी स्वतः नीट पाहिली असून ती आहे त्या स्थितीत मला पसंत आहे व तीबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.’ चांगदेवच्या खोलीबद्दल असं लिहायला सरकारला दोन खेपा घालाव्या लागल्या होत्या. तुम्ही ते गेल्या वेळी न वाचता, दलालाचंच पेन घेऊन, प्रत्येक पानावर सही करून दिलंत, आणि जागा मिळाली म्हणून घरी पेढे नेलेत.